शेपूट छाटलेली लिंक

मराठी माणसाकडे सल्ला मागितला तर तो पैसे घेत नाही, उलट चहा पाजतो. मिक्सर घ्यायचाय, असं चारचौघांत नुसतं पुटपुटून बघा. बायकोची मावसबहीण साडेसातशे वॅटच्या खाली बोलायला तयार नसते. ऑफिसातला सहकारी त्याच्या मेहुण्याच्या मिक्सरचं चटणीचं भांडं कसं गळायला लागलं ते तपशिलासकट सांगतो. जिन्यात भेटलेले काका "आमचा १९९१ सालचा अजून चालतोय" असं म्हणून पुरावा म्हणून त्याचं झाकण दाखवायला घरी घेऊन जातात. यांतल्या कोणालाही त्यातून छदाम सुटणार नसतो. सुटणार नसतो म्हणूनच आपण ऐकून घेतो. ऐकून शेवटी चौथाच मिक्सर आणतो, ते निराळं.

पिढ्यान्‌पिढ्या संपूर्ण तोट्यात चाललेल्या या धंद्यात कमिशन आहे, हा शोध आमच्या भाच्याला लागला.

भाचा बी.कॉम. होऊन सांगलीहून आमच्याकडे पुण्यात धनकवडीला राहायला आला, तो नोकरी शोधायला. शोधता शोधता त्याला नोकरीऐवजी "ऑनलाइन इन्कम" सापडलं. एका रात्री जेवताना त्याने सगळं समजावून सांगितलं. आपण एखाद्या वस्तूची शिफारस करायची, सोबत दुकानाची लिंक द्यायची. त्या लिंकच्या शेवटी आपली खूण असते. तिच्यावरून कोणी खरेदी केली की दुकान आपल्याला कमिशन देतं. घेणाऱ्याला एक पैसाही जास्त पडत नाही.

"मग दुकान कशाला देईल?" हिने विचारलं.

"गिऱ्हाईक आणून दिलं म्हणून, मामी."

"गिऱ्हाईक तर मी आयुष्यभर आणून देतेय. त्या साडीवाल्याने कधी पिशवीसुद्धा धड दिली नाही."

तसं बघितलं तर कल्पना जुनीच आहे. विल्यम टोबिन नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १९८९ साली प्रॉडिजी या नेटवर्कवर फुलं आणि भेटवस्तू विकायला काढल्या, आणि विक्रीवर नेटवर्कला कमिशन देऊ केलं. १९९४ मध्ये सीडीनाऊ या गाण्यांच्या ऑनलाइन दुकानाने तेच केलं. जुलै १९९६ मध्ये ॲमेझॉनने ही सोय कोणाही सोम्यागोम्याला खुली करून दिली. आपल्याकडे विदेश संचार निगमने सर्वसामान्यांना इंटरनेट दिलं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. म्हणजे तिकडे लोक पुस्तकांच्या शिफारशीवर पैसे मिळवू लागले, तेव्हा आपण मोडेमची शिट्टी ऐकत, आतून कोणी उत्तर देतंय का याची वाट बघत बसलो होतो. भाच्याला हा इतिहास मी मोठ्या उत्साहाने सांगितला. तो म्हणाला, "मामा, याच्यावर एक रील होईल." माझ्या व्यासंगाची एवढी कदर याआधी कोणी केली नव्हती.

या सगळ्यात मला खरोखर आवडली ती कुकी. लू माँटुली या नेटस्केपमधल्या पोराने १९९४ साली ती काढली. तुम्ही लिंक उघडलीत की तुमच्या ब्राउझरवर एक बारीकशी चिठ्ठी चिकटते: हा माणूस धनकवडीच्या भाच्याने पाठवलाय. भाच्याच्या दुकानात ती चिठ्ठी चोवीस तास टिकते. तेवढ्या वेळात तुम्ही मिक्सर घ्या, बनियन घ्या, नाहीतर सत्यनारायणाच्या पूजेचा संच घ्या, कमिशन भाच्याचं. दर मात्र वस्तूगणिक बदलतो. मोबाइलसारख्या महाग वस्तूवर जवळजवळ काहीच मिळत नाही, आणि ज्यावर बरा टक्का मिळतो ती वस्तू दोनशे रुपयांची असते. हा टक्का ठरवणारा माणूस पूर्वजन्मी नक्की आमच्या ऑफिसच्या पगारवाढीच्या समितीवर असणार.

पहिलं संकट आलं ते नात्यातून. बातमी सांगलीला पोचली आणि ताईने, म्हणजे भाच्याच्या आईने, लगेच फोनवर जाहीर केलं, "मी दर महिन्याला तुझ्याच लिंकवरून किराणा मागवणार. आणि जाऊबाईंनाही सांगते." त्यावर भाच्याने नियम वाचून दाखवला. स्वतःच्या लिंकवरून स्वतः घ्यायचं नाही, मित्रांना आणि नातेवाइकांनाही घ्यायला सांगायचं नाही. ताई बराच वेळ गप्प राहिली. आपल्या देशात विमा असो, साबण असो की साड्यांचं प्रदर्शन, कुठलाही धंदा आधी नातेवाइकांवर चालवून बघायची रीत आहे. तो राजमार्गच या परदेशी नियमाने बंद करून टाकला होता. वर सहा महिन्यांत तीन विक्री झाल्या नाहीत तर खातंच बंद. म्हणजे तीन अनोळखी माणसं शोधणं आलं. पुण्यात अनोळखी माणूस सापडतो, पण तो तुमचं ऐकतो हे गृहीत धरणं जरा धाडसाचंच.

भाच्याने सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपपासून सुरुवात केली. मिक्सरवर मेहनत घेऊन लिहिलेलं परीक्षण टाकलं, खाली लिंक दिली. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ साली घालून दिलेल्या नियमांनुसार, जिच्यातून आपल्याला काही मिळतं अशी शिफारस करताना तसं स्पष्ट सांगावं लागतं. पोरगा प्रामाणिक. त्याने सगळ्यांत वर ठळक अक्षरांत लिहिलं, "या लिंकवरून खरेदी केल्यास मला थोडं कमिशन मिळतं. तुम्हाला जास्त पैसे पडत नाहीत."

लोकांनी पहिलं वाक्य वाचलं आणि तिथेच थांबले.

दुसरं वाक्य वाचलेलाही एकजण होता. आमच्या सोसायटीतले तिसऱ्या मजल्यावरचे काका राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालेले आहेत. सर्वसाधारण सभेत ते फक्त दोन विषयांवर बोलतात, पार्किंग आणि कबुतरं. पण दोन्हींवर सभेची वेळ संपेपर्यंत बोलतात. त्यांनी संध्याकाळी भाच्याला गाठलं.

"मला जास्त पडत नाहीत, ते ठीक. पण तुला मिळतात ना?"

"हो काका. दुकान देतं."

"म्हणजे मी घेणार मिक्सर आणि मिळणार तुला."

"पण तुमच्या खिशातून काहीच जात नाही काका."

"माझ्या खिशातून जात नाही रे. पण तुझ्या खिशात येतात त्याचं काय?"

भाचा निरुत्तर झाला. ॲडम स्मिथही झाला असता. आपलं नुकसान होत नाही एवढ्याने आपल्याकडे माणसाचं समाधान होत नाही, शेजाऱ्याचा फायदाही व्हायला नको असतो. काकांनी मग नातीकडून लिंकचं शरीरशास्त्र शिकून घेतलं. लिंक उघडायची, वरचा लांबलचक पत्ता निवडायचा, आणि प्रश्नचिन्हापासून पुढची शेपटी, जिच्यात भाच्याची खूण दडलेली असते, ती पुसून टाकायची. उरलेली स्वच्छ, सात्त्विक लिंक त्यांनी ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं, "हीच वस्तू, विनाकमिशन. जनहितार्थ." त्यावर सतरा अंगठे आणि एक हात जोडलेला. हात जोडणारी व्यक्ती आमच्याच घरातली होती, पण ही म्हणते चुकून लागला.

गंमत अशी की याच काकांच्या घरी पंचवीस वर्षं दर महिन्याला पोस्टाच्या एजंट बाई यायच्या. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेतल्या एजंटांना आवर्ती ठेवीच्या हप्त्यावर चार टक्के कमिशन असतं, आणि हे आख्ख्या बिल्डिंगला ठाऊक होतं. भरउन्हात, कापडी पिशवीत पासबुकांचा गठ्ठा घेऊन त्या चार मजले चढायच्या. पाणी पिऊन, मुलीच्या लग्नाचं सांगून, हप्ता घेऊन जायच्या. त्यांच्या चार टक्क्यांबद्दल कोणाची कधी तक्रार नव्हती. काकूंनी तर एकदा दिवाळीला त्यांना साडी दिली. भाच्याचं दुखणं एवढंच की त्याला घाम येताना कोणी पाहिला नाही. पंख्याखाली बसून मिळवलेलं कमिशन मराठी समाज अजून उत्पन्न मानत नाही, त्याला तो चलाखी म्हणतो.

ओळखीचे लोक संपले तेव्हा भाचा अनोळखी लोकांकडे वळला, म्हणजेच जाहिरातीकडे.

इथून पुढचं समजून घ्यायला मला थोडं वाचावं लागलं. शोधाच्या निकालाशेजारी जागा मिळवण्यासाठी बोली लावायची, आणि कोणी क्लिक केलं तरच पैसे मोजायचे, ही युक्ती बिल ग्रॉस यांनी १९९८ मध्ये गोटू डॉट कॉमवर आणली. गूगलची जाहिरात सेवा २००० च्या ऑक्टोबरमध्ये साडेतीनशे जाहिरातदारांना घेऊन सुरू झाली, आणि २००२ मध्ये तीही क्लिकच्या लिलावावर आली. आता कोणीही काहीही शोधलं की त्या क्षणी, त्या एका माणसासाठी, वेगळा लिलाव होतो. नुसती बोली मोठी असून भागत नाही. तुमची जाहिरात आणि तुमचं पान किती कामाचं आहे, तेही बघितलं जातं. हे वाचून मला बरं वाटलं. गुणवत्तेला कुठेतरी विचारतात म्हणायचं.

भाच्याने एक पान तयार केलं, कारण त्याच्या दुकानाच्या नियमात शोधजाहिरातीतून माणूस थेट दुकानात ढकलायला बंदी होती. आधी तो आपल्या पानावर यायला हवा, मग तिथून पुढे. तो येण्यासाठी भाच्याने शब्द निवडला "मिक्सर". मग माझ्या खात्यातून, उसने म्हणून, यूपीआयने हजार रुपये भरले. त्यातले जाहिरातीला उरले आठशे सत्तेचाळीस. बाकीचा अठरा टक्के जीएसटी.

"अजून जाहिरात दिसलीही नाही आणि सरकारला मिळाले?" काकांनी विचारलं. ही मोहीम चालू असताना काका रोज यायचे. त्यांचं म्हणणं असं की एवढ्या वर्षांनी एखादा हिशेब बिघडताना मुळापासून बघायला मिळतोय, तो सोडवत नाही.

दोन दिवसांनी यंत्राने अहवाल दिला. त्यात लोकांनी नेमकं काय शोधलं आणि भाच्याची जाहिरात कोणाकोणाला दिसली, त्याची यादी होती. मी आयुष्यात इतकं मनोरंजक वाचन क्वचित केलंय. "मिक्सर दुरुस्ती माझ्या जवळ." "सिमेंट मिक्सर भाड्याने." "मिक्सर जळाल्याचा वास येतो." "डीजे मिक्सर गणपतीसाठी." "जुना मिक्सर विकणे." आणि मध्येच कोणीतरी, बहुधा पहाटे, "स्वप्नात मिक्सर दिसणे अर्थ". या साऱ्या महाराष्ट्राला भाच्याने क्लिकमागे पाच-पाच रुपये मोजून आपल्या घरी बोलावलं होतं. स्वप्नवाल्याने दोनदा क्लिक केलं होतं.

यावर उपाय असतो. नको असलेल्या शब्दांची यादी द्यायची, म्हणजे त्या शोधांना आपली जाहिरात दिसत नाही. भाच्याने यादी केली: दुरुस्ती, भाड्याने, जुना, सिमेंट, डीजे, स्वप्नात. काका चष्मा सावरत म्हणाले, "'फुकट' घाल. आणि 'स्वस्त'." भाच्याने घातले. दुसऱ्या दिवशी जाहिरात दिसायचीच जवळजवळ बंद झाली. ते दोन शब्द काढल्यावर या बाजारात कोणी उरत नाही, हे काकांना बँकेच्या अनुभवावरून माहीत असायला हवं होतं.

आठशे सत्तेचाळीस रुपयांत सुमारे एकशे सत्तर क्लिक आले. त्यांतले पन्नासेक लोक पुढे दुकानात गेले. त्यांतल्या एकाने तीन हजारांचा मिक्सर मागवला. घरात आनंद झाला, हिने शिरा केला. कमिशनचे शंभराच्या आसपास रुपये अहवालात दिसू लागले. पण ती ऑर्डर रोखीने, माल दारात आल्यावर पैसे द्यायची होती. माल दारात आला तेव्हा गिऱ्हाइकाने घेतला नाही. शंभर रुपये अहवालातून नाहीसे झाले. शिरा तोवर खाऊन झाला होता.

"म्हणजे हजार घालून शंभर मिळवले," काका म्हणाले, "आणि तेही परत गेले."

"डेटा मिळाला ना काका. आता स्केल करायचं."

"काय करायचं?"

"वाढवायचं. पाच हजार टाकायचे."

"दर हजारामागे हजार जाताहेत, तेव्हा पाच हजारामागे किती जातील हे मी कॅल्क्युलेटर न घेता सांगू शकतो."

पण पोरगा फेसबुक-इन्स्टाग्रामकडे वळला. तिथे जाहिरातीला सुरुवातीला "लर्निंग फेज" असतो. आठवड्यात पन्नासेक वेळा आपल्याला हवी ती गोष्ट घडली, की कोणाला जाहिरात दाखवायची हे यंत्राला उमगतं आणि ते त्या टप्प्यातून बाहेर पडतं. आम्हाला पन्नास तर सोडाच, एकही घडेना. यंत्र शिकतच राहिलं. ही एक दिवस म्हणाली, "शिकतंय ते आणि फी भरताय तुम्ही. मुलगा तरी बरा, बी.कॉम. झाला."

एवढ्यात त्या यंत्राला भाचा मात्र पुरता समजला. त्याच्या मोबाइलवर "पहिलं ऑनलाइन उत्पन्न कसं मिळवाल" या कोर्सच्या जाहिराती धो धो येऊ लागल्या. सगळ्यांत तोच तरुण, तीच भाड्याची वाटणारी गाडी, तीच सोडलेली नोकरी. नव्व्याण्णव रुपयांचा वेबिनार, त्याच्या शेवटी काही हजारांचा कोर्स, आणि कोर्सच्या शेवटी कळतं की त्याच कोर्सची लिंक पुढे विकायची आहे. माणसं भरती करून त्यांच्या भरतीवर पैसे मिळवण्याच्या उतरंडीला २०२१ च्या थेट विक्री नियमांनी मनाई केली आहे. इथे हातात निदान कोर्स पडतो, म्हणून हे लोक स्वतःला उतरंड म्हणवून घेत नाहीत. भाच्याने घेतला नाही. त्याच्याकडे पैसेच नव्हते. गरिबी कधीकधी माणसाला फार समंजस करते.

आणि मग, जाहिराती बंद पडल्यावर, एका सकाळी अहवालात २३ रुपये ४० पैसे दिसले.

माल पोचलेला, रोखीचा नव्हे. मिक्सरही नव्हे. वस्तूचं नाव होतं "कबुतरांपासून संरक्षण करणारी नायलॉनची जाळी, हुकांसह, बाल्कनीसाठी". कोणी घेतली ते दुकान सांगत नाही, फक्त काय घेतलं ते सांगतं. कोणीतरी भाच्याची मिक्सरची लिंक उघडली, आणि चोवीस तासांच्या आत कबुतरांची जाळी मागवली. पहिलं उत्पन्न! ताईला फोन गेला. तिने देवापुढे साखर ठेवली आणि विचारलं, "पण मिक्सरवाल्याला जाळी का लागली?"

आम्हालाही तोच प्रश्न होता. भाचा गच्चीवर गेला आणि समोरच्या, मागच्या, आमच्याच बिल्डिंगच्या बाल्कन्या न्याहाळू लागला. मी खालून बघत होतो. हिने मला बाजूला केलं आणि सरळ तिसऱ्या मजल्याकडे बोट दाखवलं. काकांची बाल्कनी या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरव्या, कोऱ्या जाळीत होती. हुकही तेच.

काकांना खाली बोलावून विचारलं तेव्हा ते ठामपणे म्हणाले, "शक्यच नाही. मी दर वेळी शेपूट छाटतो. परवाही छाटली, तुझ्यासमोर."

"पण काका, छाटायच्या आधी लिंक उघडलीत ना?"

"उघडल्याशिवाय छाटणार कशी?"

"उघडली तेव्हाच चिठ्ठी चिकटली. चोवीस तासांसाठी."

काका खुर्चीत बसले. हिने पाणी आणून दिलं. नियमांच्या दृष्टीने व्यवहार निर्दोष होता. काका भाच्याचे नातेवाईक नव्हते, आणि मित्र तर अजिबातच नव्हते. काही वेळाने त्यांच्यातला बँकवाला जागा झाला.

"तेवीस चाळीस मिळाले तुला?"

"अजून नाही काका. हजार जमल्याशिवाय बँकेत पाठवत नाहीत. आणि जमले तरी महिना संपल्यावर साधारण दोन महिन्यांनी."

"टीडीएस?"

"एवढ्याशा रकमेवर कापत नाहीत."

काकांनी मान हलवली. डोळे मिटून थोडा वेळ ओठांतल्या ओठांत हिशेब केला.

"म्हणजे त्रेचाळीस जाळ्या," ते म्हणाले. "आपल्या सोसायटीत बाल्कन्या किती, रे?"

"छप्पन्न."

"माझी वजा. पंचावन्न." ते उठले. दारापर्यंत गेले आणि वळून भाच्याकडे बघत आवाज खाली आणून म्हणाले, "रविवारच्या सभेत कबुतरांचा विषय मी घेतो. लिंक तू टाक. शेपटीसकट. निम्मे माझे. आणि हे इतिवृत्तात येता कामा नये."